नव्या बंदुकीतील दोष व त्यावरील उपाय

चंदगड, आजरा, राधानगरी या भागांत रानडुकरे व गवे यांच्या उपद्रवामुळे कित्येक शेतकरी परवान्याची बारा बोअरची बंदूक बाळगतात. नवी वस्तू निर्दोषच असणार, हा समज मात्र घातक होय.

दुकानातच बंदूक उघडून ती रिकामी असल्याची खात्री करावी व नळीतून उजेडाकडे पाहावे. प्रकाशाची वर्तुळे वेडीवाकडी दिसल्यास नळीस पोचा वा फुगवटा असण्याचा संभव असतो. बंद केल्यावर सांधा हलता कामा नये. चाप ओढूनही बार न उडाल्यास नळी निर्धोक दिशेस धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, मगच काडतूस काढावे. टोपीवर पिनेचा ठसा उथळ असेल, तर दोष बहुधा बंदुकीचा समजावा.

अशी बंदूक गावच्या लोहाराकडे देऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये विक्रीप्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यासही परवाना लागतो. पावती, परवाना व बंदूक यांवरील क्रमांक ताडून विक्रेत्यास लेखी कळवावे व पोच घ्यावी. बदली बंदूक मिळाल्यास तिचा क्रमांक परवान्यावर नोंदवून घ्यावा. दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आयोग वस्तूची प्रयोगशाळेत तपासणीही करवू शकतो. तोवर त्या बंदुकीतून एकही बार काढू नये.