सर्पगंधा आणि स्वायत्त मज्जासंस्था

मनुष्य उठून उभा राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त शरीराच्या खालच्या भागात उतरते. तरीही त्यास भोवळ येत नाही, याचे श्रेय स्वायत्त मज्जासंस्थेस आहे. मानेतील रोहिणीच्या भित्तीत असलेले संवेदी तंतू दाबातील घट टिपतात. अनुकंपी तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन स्रवते, रक्तवाहिन्या आकुंचित होतात, हृदयगती वाढते आणि दाब सावरतो.

सर्पगंधेचे कार्य नेमके येथेच घडते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून तिचा रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला, १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पीन वेगळे करण्यात आले. रेसर्पीनमुळे नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिता होतो व रक्तदाब उतरतो. मात्र परानुकंपी बाजू वरचढ होऊन नाक चोंदणे, नाडी मंदावणे, अम्लस्राव वाढणे संभवते. खिन्नताही येऊ शकते. औषध थांबविल्यावरही साठा भरून येण्यास काही दिवस ते आठवडे लागतात.

यास्तव वैद्यांनी रुग्णाचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत मोजावा. वरचा दाब २० मि.मी. वा अधिक उतरल्यास मात्रेचा फेरविचार करावा. रक्तदाबाची अन्य औषधे चालू आहेत काय, हे विचारल्यावाचून औषधविक्रेत्यांनीही सर्पगंधायुक्त कल्प देऊ नयेत.