तिरकी टक्कर आणि डोकं झेलणारी ओंजळ

गाडी घ्यायची म्हटलं की घरातले प्रश्न ठरलेले असतात. ॲव्हरेज किती? ऑन रोड किंमत किती? हल्ली त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: एअरबॅग किती? दोन, चार की सहा? आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण ती पिशवी कुठे उघडते, तिचा आकार कसा असतो आणि गाडी समोरासमोर न आदळता तिरकी आदळली तर आपलं डोकं त्या पिशवीवर टिकतं का, हे शोरूममधला माणूस सांगत नाही. आपणही विचारत नाही. निदान इंजिनिअरिंगच्या पोरांनी तरी विचारायला हवं, म्हणून हा लेखप्रपंच.

शिवाय हा विषय आपल्या दारातला आहे. आपण सकाळी (म्हणजे सबमिशन नसेल त्या सकाळी) ज्या टेकडीवर फिरायला जातो, तिला अर्धं कोथरूड 'एआरएआयची टेकडी' म्हणतं. १९६६ साली स्थापन झालेली ही ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. भारतातल्या गाड्यांची एआयएस नावाची जी मानकं आहेत, ती तयार करणाऱ्या समितीचं सचिवालय तिथेच आहे. आणि २२ ऑगस्ट २०२३ रोजी जाहीर झालेल्या 'भारत एनकॅप'मध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या योजनेत, ते तारे जाहीर करण्याचं काम भोसरीच्या सीआयआरटीकडे आलं. म्हणजे देशातल्या गाड्यांच्या सुरक्षिततेचा बराचसा कागद पुण्यातूनच हलतो.

आधी सरळ टक्कर समजून घेऊ

गाडी थांबते, पण आतला माणूस थांबत नाही. हे न्यूटनने सांगून ठेवलंय आणि पीएमटीच्या ड्रायव्हरांनी ब्रेक मारून आपल्या आधीच्या पिढ्यांना समजावलंय. प्रश्न एवढाच, की पुढे निघालेलं डोकं किती अंतरात थांबवायचं.

एक सोपं गणित करू. समजा गाडीच्या आतल्या भागाच्या तुलनेत डोक्याचा वेग १० मीटर प्रतिसेकंद आहे, म्हणजे ताशी ३६ किमी. ते डोकं कडक खांबावर आपटलं आणि अडीच सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर या सूत्राने मंदन येतं २००० मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे सुमारे २०० जी. तेच डोकं पिशवीत रुतत २५ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर सुमारे २० जी. अंतर दहापट, मंदन एक दशांश.

पण दुखापत यापेक्षा जास्त पटींनी बदलते. डोक्याची इजा मोजायला एचआयसी नावाचा निकष वापरतात. त्यात मंदनाचा अडीचावा घात घेऊन त्याला वेळेने गुणतात. वरचेच आकडे टाकले तर खांबावर आपटलेल्या डोक्याचा एचआयसी ३००० च्या जवळ जातो. पिशवीत थांबलेल्या डोक्याचा, १५ मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजला तर, ३० सुद्धा भरत नाही. अमेरिकी नियमात या खिडकीसाठी मर्यादा ७०० आहे. एअरबॅगचं सगळं महत्त्व या दोन आकड्यांत आलं.

आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. धडक बसल्यावर १५ ते २० मिलिसेकंदांत कंट्रोल युनिट निर्णय घेतं, इन्फ्लेटरमधलं रसायन पेटतं, गॅस सुटतो आणि साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांत पिशवी भरते. पिशवीला मागे भोकं असतात. डोकं टेकलं की त्यातून गॅस बाहेर पडतो, नाहीतर पिशवीने डोकं चेंडूसारखं परत फेकलं असतं. गाडीत हवेची गादी बसवण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना तिचं पेटंट १९५३ साली मिळालं.

मग तिरक्या टकरीत बिघडतं काय?

आपल्या दुपदरी रस्त्यांवरचा नेहमीचा प्रकार डोळ्यांसमोर आणा. ट्रकला ओव्हरटेक करायला गाडी उजवीकडे काढली, समोरून दुसरी गाडी आली. दोघेही शेवटच्या क्षणी आपापल्या डावीकडे स्टिअरिंग मारतात. पूर्ण सुटका होत नाही आणि दोन्ही गाड्यांचे उजवे पुढचे कोपरे एकमेकांत घुसतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडेच बसतो. म्हणजे धक्का नेमका त्याच्या कोपऱ्यावर, आणि तोही कोनात.

अशा टकरीत गाडी एकाच वेळी तीन गोष्टी करते. तिचा वेग कमी होतो, ती बाजूला ढकलली जाते आणि स्वतःभोवती फिरते. आतला ड्रायव्हर मात्र आपल्या जुन्याच दिशेने चाललेला असतो. त्यामुळे गाडीत बसून पाहिलं तर तो पुढे आणि उजवीकडे, म्हणजे काचेच्या कडेच्या खांबाकडे निघतो. या खांबाला ए-पिलर म्हणतात.

आता त्रिकोणमिती. डोकं ३० अंशांच्या कोनात निघालं आणि ३० सेंटिमीटर पुढे गेलं, तर ते बाजूला किती गेलं? ३० गुणिले टॅन ३०, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर. त्यात डोक्याची अर्धी रुंदी सात-आठ सेंटिमीटर मिळवा. झाले २५. ड्रायव्हरची पिशवी साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे मधून कडेपर्यंत ३३-३५. डोकं पिशवीला टेकतं तेव्हाच ते कडेच्या उतारावर असतं. अजून १५ सेंटिमीटर पुढे गेलं की आणखी आठ-नऊ सेंटिमीटर बाजूला. गोल फुगलेल्या पिशवीचा तिथला उतार बाहेरच्या बाजूला असतो. डोकं घसरतं, आणि समोर असतो तो ए-पिलर.

हे कागदावरचं भय नव्हे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०१२ मध्ये नवी चाचणी सुरू केली: ताशी ६४ किमी वेग आणि गाडीच्या रुंदीचा फक्त २५ टक्के भाग अडथळ्यावर. पहिल्या फेरीत महागड्या वर्गातल्या ११ गाड्या होत्या. त्यातल्या जेमतेम तीन बऱ्या ठरल्या. काही गाड्यांत स्टिअरिंगच बाजूला सरकलं आणि बाहुलीचं डोकं पिशवीवरून निसटलं. काहींत बाजूची पडद्यासारखी एअरबॅग पुढपर्यंत पोचलीच नाही. दोन पिशव्यांच्या मधल्या फटीत डोकं गेलं. पिशव्या होत्या, फुगल्याही होत्या, पण जिथे डोकं आलं तिथे नव्हत्या.

ड्रायव्हरशेजारच्या माणसाची गोष्ट वेगळी. धक्का उजव्या कोपऱ्यावर बसला की तो तिरका गाडीच्या मध्याकडे जातो. त्याची पिशवी मोठी असते खरी, पण तिच्या आतल्या कडेवरून घसरलं तर डोकं डॅशबोर्डच्या मधल्या भागावर जातं.

फिरलेलं डोकं

डोकं खांबापर्यंत पोचलं नाही तरी धोका संपत नाही. गालाचा एक भाग पिशवीला टेकतो आणि अडकतो, बाकीचं डोकं पुढे जात राहतं. परिणामी मान वळते आणि डोकं गर्रकन फिरतं.

मेसमधल्या दह्याचं भांडं घ्या (त्या दिवशी ते नीट लागलं असेल तर). भांडं सरळ पुढे ढकलून थांबवलं तर दही फारसं मोडत नाही. तेच भांडं झटका देऊन फिरवलं आणि थांबवलं की दही कडेपासून सुटतं, त्याला चिरा पडतात. मेंदूचंही काहीसं तसंच. दाब तो बऱ्यापैकी सहन करतो, पण थर एकमेकांवर सरकवणारा ताण त्याला झेपत नाही. मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, कवटीलगतच्या शिरा तुटू शकतात. बाहेरून खरचटलेलंसुद्धा दिसत नाही आणि आत मोठी इजा असते.

एचआयसी फक्त सरळ रेषेतलं मंदन मोजतो, हे फिरणं त्याला दिसतच नाही. म्हणून अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये डोक्याच्या कोनीय वेगावर आधारलेला ब्रिक नावाचा निकष मांडला. याच संस्थेने तिरक्या टकरीची एक चाचणीही विकसित केली. १५ अंशांचा कोन, ३५ टक्के भाग आणि ताशी ९० किमी वेगाने येऊन थांबलेल्या गाडीवर आदळणारा अडथळा. आत थॉर नावाची जास्त संवेदनशील बाहुली.

ओंजळीचं डिझाईन

आता खरा डिझाईनचा प्रश्न. डोकं घसरू नये म्हणून पिशवीचं कापड खरखरीत करावं, तर गाल अडकून डोकं जास्त फिरणार. गुळगुळीत करावं, तर घसरणार. पिशवी नुसती मोठी करावी, तर ती भरायला जास्त गॅस आणि जास्त वेळ लागणार. जोरही वाढणार, आणि जवळ बसलेल्या बुटक्या माणसाला त्या पिशवीचाच फटका बसणार. एक दुरुस्त करायला जावं तर दुसरं बिघडतं. व्हायवाला 'ट्रेड-ऑफ म्हणजे काय' विचारलं तर हे उदाहरण द्या.

होंडाच्या अमेरिकेतल्या संशोधन केंद्राने ऑटोलिव्ह कंपनीबरोबर यावर एक छान तोडगा काढला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर केला. ड्रायव्हरशेजारच्या माणसासाठी त्यांनी एकाऐवजी तीन फुगणारे कप्पे केले: एक मधे आणि दोन बाजूंना, पुढे आलेले. बाजूच्या दोन कप्प्यांच्या मधे न फुगणारं कापड शिडासारखं ताणलेलं. डोकं या कापडावर येतं, कापड आत जातं, आणि आत जाताना ते बाजूच्या दोन्ही कप्प्यांना आत ओढतं. कप्पे डोक्याला दोन्ही बाजूंनी धरतात. डोकं सरळ आलं काय किंवा तिरकं आलं काय, ते बाहेर निसटत नाही आणि फिरतही कमी.

होंडावाल्यांनी याला बेसबॉलच्या कॅचरच्या हातमोज्याची उपमा दिली. आपल्याला बेसबॉलशी काय देणंघेणं? आपण म्हणू ओंजळ. उंच उडालेला कॅच एका उघड्या तळहातावर घ्यायला गेलं की चेंडू उडून जातो. दोन्ही हातांची ओंजळ करून, हात थोडे मागे नेत घेतला की बसतो. इथेही तेच. गंमत म्हणजे डोक्याच्याच ऊर्जेने ही ओंजळ मिटते, वेगळी मोटर-बिटर काही नाही.

ड्रायव्हरच्या बाजूला स्टिअरिंग असल्याने जागा कमी. तिथे बाजूचा पडदा पुढे ए-पिलरपर्यंत वाढवणं, तो आणि स्टिअरिंगची पिशवी एकमेकांना टेकतील असं बघणं आणि टकरीत स्टिअरिंग बाजूला सरकणार नाही अशी त्याची बैठक मजबूत करणं, असे उपाय करतात.

वेळ चुकली तर सगळं चुकलं

आकार जमला तरी सेन्सर उरतो. सरळ टकरीत गाडीचे पुढचे दोन्ही लांब सदस्य दाबले जातात आणि मंदन झटकन वाढतं. कोपऱ्यावरच्या टकरीत ते सदस्य कधी कधी अर्धवटच लागतात. सुरुवातीला गाडी हळू थांबते, मग एकदम. मधे बसवलेल्या एकट्या सेन्सरला वाटतं, खड्डा असेल. तोपर्यंत डोकं निघालेलं असतं. म्हणून पुढच्या कोपऱ्यांजवळ वेगळे सेन्सर, आडव्या दिशेचं मंदन मोजण्याची सोय, आणि 'टक्कर तिरकी आहे, पडदाही उघड' हे ठरवणारा अल्गोरिदम लागतो. म्हणजे मेकॅनिकलची पिशवी, ईअँडटीसीचा सेन्सर आणि कॉम्प्युटरवाल्यांचा कोड. तिघांपैकी एकाचे दहा मिलिसेकंद चुकले की बाकी दोघांची मेहनत पाण्यात.

आपल्याकडे काय?

ड्रायव्हरची एअरबॅग भारतात १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठी नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून. सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला, तारीख पुढे गेली, आणि २०२३ मध्ये ती सक्ती न करता ताऱ्यांच्या पद्धतीवर भर द्यायचं ठरलं. त्या २०२३ च्या भारत एनकॅपच्या समोरच्या चाचणीत वेग ताशी ६४ किमी आणि गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग अडथळ्यावर असतो. अडथळा गाडीच्या सरळ रेषेतच येतो. तेव्हा पाच तारे ही चांगलीच गोष्ट, पण ते कुठल्या परीक्षेत मिळाले हे पाहायला हवं. सिलॅबसबाहेरचा प्रश्न रस्त्यावर कधीही येतो.

आणि एक गोष्ट पिशवीच्याही आधीची. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. वर केलेली सगळी गणितं बेल्ट लावलेल्या माणसाची आहेत. बेल्ट नसेल तर डोकं कुठून कुठे जाईल याचा हिशोब कोणी मांडत नाही आणि ओंजळही तिथे असत नाही.

म्हणून शनिवारी घरी जाताना शेअर टॅक्सीत मागे बसलात तर बेल्ट शोधा. बहुतेक वेळा तो सीटच्या कव्हरखाली दडपलेला असतो. ड्रायव्हरकाका हसले तर हसू देत, कव्हर वर करायला सांगा. पुढे बसलात तर पाय डॅशबोर्डवर टाकू नका, त्याच झाकणाखाली पिशवी आहे. गाडी चालवत असाल तर छाती आणि स्टिअरिंग यात निदान वीतभर अंतर ठेवा, लहान पोराला पुढे मांडीवर घेऊ देऊ नका.

आणि फायनल इयरला प्रोजेक्ट सुचत नसेल, तर त्या टेकडीकडे एकदा नीट बघा. आपल्या रस्त्यांवरची तिरकी टक्कर, आपल्या उंचीची माणसं आणि चार-पाच लाखांच्या गाडीत परवडेल अशी पिशवी. हे गणित अजून सुटायचं आहे, आणि ते पुण्यात सुटायला काहीच हरकत नाही.