‘हैदराबाद’ तुकडीचे वैमानिक

इंग्लंडच्या आकाशात १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात झालेल्या आणि ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हवाई लढाईचे इतिहासग्रंथ चाळताना वऱ्हाडातील वाचकाची नजर एका नावावर हमखास अडखळते. ते नाव म्हणजे ‘१५२ (हैदराबाद) स्क्वॉड्रन’. स्क्वॉड्रन म्हणजे एका प्रमुखाच्या हाताखाली, एकाच तळावरून उडणारी विमानांची तुकडी. लढाऊ विमानांच्या अशा तुकड्यांत ‘२५३ (हैदराबाद संस्थान)’ हीही आढळते, आणि बॉम्बफेकी विमानांच्या तुकड्यांत ‘११० (हैदराबाद)’ ही तिसरी. यवतमाळ जिल्ह्याला हे नाव परके नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात गेले, १९०२ मध्ये सालीना २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा करण्यात आला आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. तरी नावापुरते ते निजामाचेच राहिले आणि १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. पैनगंगेच्या अलीकडे ब्रिटिश कलेक्टर आणि पलीकडे निजामाचा तालुकदार, अशी या जिल्ह्याची दक्षिण सीमा होती.

त्यामुळे ‘हैदराबाद’ तुकडीत हैदराबादचे, निदान हिंदी, वैमानिक लढले असतील, असा समज सहज होतो. परंतु तो खरा नाही. तुकडीच्या क्रमांकापुढे कंसात येणारे असे नाव दात्याचे असे, वैमानिकाचे नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ११० व्या तुकडीच्या डी.एच.९ए विमानांचा खर्च निजामाने उचलला होता आणि दुसऱ्या महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी लढाऊ तुकड्यांसाठी पुन्हा देणगी दिली. १५२ व्या तुकडीच्या बोधचिन्हात गरुड किंवा तलवार नसून निजामाचे शिरोभूषण, म्हणजे दस्तार, आहे, आणि त्याखालचे ब्रीद आहे ‘फेथफुल अ‍ॅलाय’, म्हणजे ‘विश्वासू मित्र’. ही पदवी ब्रिटिशांनी निजामालाच दिली होती. दस्तारीचे हे चिन्ह मिरवणारी तुकडी डॉर्सेटमधील वॉर्मवेल तळावरून पोर्टलंडच्या नौदल बंदराचे रक्षण करीत असताना तिच्यातील बहुतेक तरुण ब्रिटनचे आणि राष्ट्रकुलातील इतर देशांचे होते.

याच समजाचे दुसरे टोकही तपासून पाहावे लागते. वऱ्हाडच्या पट्ट्याचे २५ लाख निजामाच्या खजिन्यात जात होते, म्हणून ती विमाने वऱ्हाडच्या पैशाची होती, असा निष्कर्ष काढणे हेही इतिहासाला धरून नाही, कारण निजामाच्या खजिन्याला उत्पन्नाच्या अनेक वाटा होत्या आणि त्यांतील एकीचे नाणे थेट एका विमानापर्यंत पोहोचवता येत नाही.

हिंदी माणूस या लढाईपासून फार दूर होता, असेही नाही. त्याला थोडासा उशीर झाला, इतकेच. हिंदी हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली, पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी अवघ्या ४ वापिटी विमानांनिशी उभी राहिली आणि महायुद्ध सुरू झाले तेव्हाही पूर्ण तुकडी ती एकच होती. ऑक्टोबर १९४० मध्ये २४ हिंदी वैमानिक पुढील प्रशिक्षणासाठी इंग्लंडमध्ये पोहोचले, तोवर लढाई उतरणीला लागली होती. या २४ जणांतील सिमल्याचे महिंदर सिंग पुजी यांची १९४१ मध्ये प्रथम नेमणूक झाली ती २५३ (हैदराबाद संस्थान) स्क्वॉड्रनमध्ये. पगडी न उतरवता हरिकेन उडवणारा हा शीख तरुण निजामाच्या संस्थानचे नाव लावणाऱ्या तुकडीत आला, हा योगायोग इतिहासाने सहज नोंदवून ठेवला आहे. पुजी मात्र हैदराबादचे नव्हते. मराठी माणसाचा या पिढीतील ठळक दाखला हृषीकेश मुळगावकर यांचा. त्यांना ३० नोव्हेंबर १९४० रोजी, म्हणजे ही लढाई संपल्यावर बरोबर एका महिन्याने, कमिशन मिळाले. ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, काश्मीरच्या १९४७-४८ च्या युद्धात महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

लढाईत उतरलेले सगळे वैमानिक इंग्रज होते, श्रीमंत घरचे होते आणि अधिकारी होते, हा समज चित्रपटांनी पक्का केला. वस्तुतः लढाईच्या नामावलीत सुमारे २,९०० वैमानिक व विमानसैनिक असून त्यांत १४५ पोलिश, १२७ न्यूझीलंडचे, ११२ कॅनडाचे आणि ८८ झेक होते. एकूण नामावलीपैकी ५४४ जण लढाईतच मारले गेले. साधारण एक तृतीयांश वैमानिक सार्जंट होते. सार्जंट म्हणजे अधिकारपद नसलेला, अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात ज्याला जागा नव्हती असा हुद्देदार. आकाशात शेजारी उडणारे दोघे जमिनीवर वेगळ्या मेजांवर जेवत. पोलिश ३०३ व्या तुकडीतून उडणारा झेक सार्जंट योसेफ फ्रान्टिशेक याच्या नावावर १७ विमाने आहेत, आणि त्याच्या एका नावाने या समजाचे तिन्ही भाग एकदम कोसळतात.

स्पिटफायर या विमानाने लढाई जिंकली, हाही समज असाच दृढ आहे. प्रत्यक्षात हरिकेनच्या तुकड्या संख्येने अधिक होत्या आणि पाडलेल्या जर्मन विमानांपैकी निम्म्याहून अधिक हरिकेनने पाडली. वेगात आणि उंचीवर स्पिटफायर सरस होते, हे खरे. म्हणून जमेल तेथे त्याने जर्मन लढाऊ विमानांना गुंतवावे आणि हरिकेनने बॉम्बफेक्यांवर तुटून पडावे, अशी विभागणी केली जाई. परंतु हरिकेनचे मोठे बळ त्याच्या साध्या बांधणीत होते. त्याच्या धडाचा मागचा भाग नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या बसवून त्यावर कापड ताणून केलेला असे. गोळी त्यातून आरपार गेली, तर तळावरचा कारागीर भोकावर कापडाचे ठिगळ चिकटवून, त्यावर ‘डोप’ म्हणजे कापड ताठ करणारे रोगण फिरवून विमान पुन्हा उड्डाणाला मोकळे करी. स्पिटफायरच्या धातूच्या पत्र्याला असा झटपट इलाज नव्हता. कापसाच्या जिल्ह्यातील वाचकाला वाटेल की ते कापड सुती असावे. ते मात्र लिनन होते, आणि लिननचा धागा ज्या झाडाच्या खोडातून निघतो तीच विदर्भात तेलासाठी पेरली जाणारी जवस. वाण तेवढा वेगळा.

पाडलेल्या विमानांच्या आकड्यांबाबत तर वाचकाने विशेष सावध राहावे. १५ सप्टेंबर १९४० या एका दिवसात १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटनने जाहीर केले होते. युद्धानंतर जर्मन नोंदी हाती आल्यावर हा आकडा सुमारे ६० वर आला. यात खोटेपणा शोधण्याचे कारण नाही. ताशी ५०० किलोमीटरच्या वेगात एकाच विमानावर दोघांनी, तिघांनी गोळ्या झाडाव्यात, प्रत्येकाने ते धूर सोडत खाली जाताना पाहावे आणि प्रत्येकाने परतून तशी नोंद करावी, हे दोन्ही बाजूंना घडत होते.

१५२ वी तुकडी १९४३ च्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली आणि तेथे तिच्या स्पिटफायरवर झेप घेणारा काळा बिबळ्या रंगवलेला असे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. यवतमाळ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. बहारीनच्या मुहर्रक तळावर मात्र ही तुकडी १९६७ मध्ये विसर्जित होईपर्यंत ‘हैदराबाद’ हेच नाव लावून उडत होती.