आकाशात लढलेल्यांचे गावी स्मरण

सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक अभिमानाने 'मिलिटरी' हा शब्द जोडतात. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या या गावच्या ४६ जवानांची स्मृती तेथील स्मारकाने जपली आहे. सैनिकाचे स्मरण आपल्याकडे असे गावाशी आणि पलटणीशी बांधलेले असते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर काम केलेल्यांच्या वाट्याला मात्र ना गावचा शिलालेख आला, ना पलटणीचा पोवाडा.

१९३२ साली स्थापन झालेल्या हिंदी हवाई दलात १९३९ मध्ये तीनशे माणसेही नव्हती; १९४५ पर्यंत ती संख्या अठ्ठावीस हजारांवर गेली. या दलाच्या सातव्या व आठव्या स्क्वाड्रनला 'व्हेंजन्स' ही अमेरिकन बॉम्बफेकी विमाने मिळाली. विमानात माणसे दोनच. पुढे वैमानिक; मागे दिशादर्शन करणारा आणि प्रसंगी मशिनगन चालवणारा त्याचा सहकारी. उंचावरून जवळजवळ उभा सूर मारून लक्ष्यावर बॉम्ब टाकायचे, आणि जमीन अंगावर येत असतानाच विमान वर उचलायचे, असे हे काम होते. १९४४ साली आराकान आणि इंफाळच्या आघाड्यांवर या तरुणांनी ते केले. तिकडे युरोपात शैलेंद्र एकनाथ सुखठणकर यांनी ब्रिटिश हवाई दलाच्या ८३व्या स्क्वाड्रनमध्ये लँकेस्टर विमानांवर दिशादर्शक म्हणून कामगिरी बजावली आणि डी.एफ.सी. हा शौर्यसन्मान मिळवला.

अल्प पावसाच्या खटाव-माणसारख्या तालुक्यांत पलटणीतील नोकरी हा शेतीला मोठाच आधार होता. दरमहाच्या मनिऑर्डरीवर घरे उभी राहत. विमानावर चढण्यासाठी मात्र अंगबळ पुरेसे नव्हते. इंग्रजी, भूमिती, नकाशा व वाऱ्याचे गणित यांवाचून तेथे गती नव्हती. सांगलीत १९१९ साली विलिंग्डन कॉलेज उघडले आणि त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. परंतु खेड्यातील बहुसंख्य मुलांना मॅट्रिकची पायरीही दूर होती. म्हणूनच हवाई दलात पोचलेल्या मूठभर तरुणांची कथा ही शौर्याची तशीच शिक्षणाच्या प्रसाराचीही कथा आहे.

या विस्मरणाला आणखी एक कारण आहे. आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग ज्यात समाविष्ट होता, त्या जुन्या सातारा जिल्ह्यात त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्या लढ्याच्या तेजापुढे सरकारी गणवेशातील माणूस परकीयांचा चाकर ठरला. हा न्याय अपुरा आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी बंड केले, तेव्हा त्यांना पाठिंबा म्हणून हवाई दलातील सैनिकांनीही काम थांबवले होते. १९४७ नंतर स्वतंत्र भारताचे हवाई दल उभे राहिले ते याच अनुभवी माणसांच्या बळावर.

बॉम्बफेकीविषयी मनात किंतु असणे स्वाभाविक आहे. खुद्द ब्रिटनही त्यातून सुटला नाही. त्याच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ वैमानिक व सहकारी युद्धात मृत्यू पावले. पण जर्मन शहरांच्या विध्वंसाचा प्रश्न वादग्रस्त राहिल्याने लंडनमध्ये त्यांचे स्मारक व्हायला २०१२ साल उजाडले. युद्धनीतीचा निवाडा आणि माणसांचे स्मरण या दोन निराळ्या गोष्टी होत. एकीसाठी दुसरी अडवून धरणे योग्य नव्हे.

ज्यांचे देहही सापडले नाहीत, अशा आशियातील आघाड्यांवरच्या हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर कोरलेली आहेत. ब्रह्मदेशाच्या जंगलात हरवलेल्या मुलाचे नाव सिंगापूरला वाचावे आणि त्याच्या गावाने ते विसरावे, ही शोचनीय गोष्ट होय. उपाय खर्चिक नाही. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांनी, सैनिक कल्याण कार्यालयांच्या साह्याने, तालुकावार नोंद करावी. प्रत्येक उड्डाणाची नोंद असलेली वही, एखादे पदक, सेन्सॉरचा शिक्का असलेले पत्र, असे काहीतरी जुन्या पेट्यांतून आजही निघू शकेल. त्या लढाईत भाग घेतलेल्यांची पिढी जवळजवळ संपली आहे. त्यांच्या मुलांचीही आता सत्तरी उलटली आहे. वाळवी कोणासाठी थांबत नाही. विद्यार्थ्यांनी त्याआधी त्या घरांपर्यंत पोचले पाहिजे.