गोगलगाय आणि पाण्याची वेळ

पावसाळा सुरू झाला की बेळगाव-निपाणीकडील परसांत एक प्रकार वरचेवर घडतो. संध्याकाळी टवटवीत दिसलेला मिरचीचा किंवा कोबीचा तरू सकाळी कुरतडलेला आढळतो आणि मातीवर चकचकीत रेघा उमटलेल्या असतात. हा उद्योग बिनशंखाच्या गोगलगायीचा. एका रात्रीत वाफा ओस पडतो, आणि नवे बी टाकावे तर लावणीची वेळ टळते.

‘गोगलगाय, पोटात पाय’ ही म्हण शास्त्रासही मान्य आहे. प्राणिशास्त्रात ह्या वर्गाचे नावच ‘उदरपाद’ असे आहे. पोटाच्या स्नायूवर सरकताना तिला सतत चिकट स्राव सोडावा लागतो. त्यात तिच्या अंगचे पाणी खर्ची पडते, आणि ते राखायला शंख नसतो. म्हणून दिवसा ती दगड, कौले, पालापाचोळा यांखाली दडते आणि रात्री ओलसर जमिनीवरूनच हिंडते.

उन्हाळ्यात पाणी उडून जाऊ नये म्हणून लोक संध्याकाळी शिंपण करतात, ते योग्यच आहे. त्या दिवसांत गोगलगायी बहुधा निपचित पडलेल्या असतात. परंतु तीच सवय पावसाळ्यात पुढे चालली, तर वाफा रात्रभर ओला राहून चोराला वाट मोकळी होते. स्वित्झर्लंडमध्ये सॅलडच्या पिकावर केलेला एक प्रयोग 1998 साली प्रसिद्ध झाला. सकाळी पाणी दिलेल्या वाफ्यांचे नुकसान संध्याकाळी पाणी दिलेल्यांहून कमी झाल्याचे त्यात दिसले.

तेव्हा जूननंतर पाणी सकाळी द्यावे, म्हणजे दिवस मावळेतो वरची माती सुकते. बोटभर खोल माती ओली लागली, तर त्या दिवशी पाणी देऊच नये. झारीने सारा वाफा भिजविण्यापेक्षा रोपाच्या बुडाशी बेताने घालावे. तरूसाठी गादीवाफा करावा, म्हणजे पावसाचे पाणी निचरून जाते. न्हाणीचे पाणी जेथे अळूला वा केळीला सोडलेले असते, तेथे ओल कधी हटत नाही. तरूचा वाफा त्या जागेपासून दूर असावा.

इतके करूनही काही गोगलगायी उरतातच. त्यांच्यासाठी संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्याकडेला पसरावे. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. त्यांच्यापासून रोगाचा संभव असल्याने उघड्या हाताने धरू नयेत, आणि पालेभाजी नीट धुऊन घ्यावी. वाफ्यात मीठ मात्र टाकू नये. गोगलगाय मरते, पण मातीही बिघडते.

ह्या उपायाला पैसा लागत नाही. फक्त झारी संध्याकाळऐवजी सकाळी हाती घ्यावी लागते.