लाइपझिगचे सोमवार

शांततेसाठी सामूहिक प्रार्थना म्हटलं की दोन टोकांची मतं ऐकू येतात. भाविक सांगतात, प्रार्थनेनं भिंती पडतात. बाकीचे म्हणतात, हातात काहीच उरलं नाही की माणसं हात जोडतात. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चची हकिकत या दोघांनाही पुरती पचणारी नाही. 20 सप्टेंबर 1982पासून तिथे दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांततेसाठी प्रार्थना होऊ लागली. युरोपात नव्या अण्वस्त्रांवरून वाद पेटला होता, आणि पूर्व जर्मनीत शाळकरी मुलांना लष्करी शिक्षण सक्तीचं झालं होतं. सुरुवातीच्या वर्षांत कधीकधी येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असत. परवानगीशिवाय जमणं गुन्हा होता, चर्चच्या आतल्या उपासनेला मात्र परवानगी लागत नसे. कायद्यातली ही एवढीच फट.

इथेच पहिला आक्षेप येतो. मग चर्च म्हणजे नुसता आडोसाच ना? येणाऱ्यांत देश सोडायचा अर्ज करून अडकलेले होते, पर्यावरणवाले होते, देव न मानणारेही पुष्कळ होते. हे सगळं खरं आहे. पण त्या आडोशाखाली काय चालायचं, ते पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. बायबलमधला उतारा वाचला जाई, बरेचदा येशूचं डोंगरावरचं प्रवचन. मग कुणी उभं राहून प्रत्यक्ष दुखणं बोलून दाखवी: सक्तीची लष्करभरती, कोळशाच्या धुरानं भरलेली हवा, तुरुंगात टाकलेला मित्र. त्यानंतर सगळ्यांनी मिळून त्या माणसांसाठी मध्यस्थीची प्रार्थना करायची. सप्टेंबर 1989मध्ये प्रार्थनेनंतर धरपकड झाली, तेव्हा अटक झालेल्यांची नावं चर्चच्या खिडकीवर लागली आणि खाली फुलं, मेणबत्त्या ठेवल्या गेल्या. शेजारी खबऱ्या असेल या धास्तीनं जिथे माणूस घरातसुद्धा जपून बोलतो, तिथे एका नावाचा असा चारचौघांत उच्चार होणं म्हणजे भीतीवरचा उपचारच. देव ऐकतो की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. शेजारचा माणूस ऐकत होता, एवढं नक्की.

चर्चची बाजू सगळीच उजळ होती असं मात्र नाही. 1988च्या उन्हाळ्यात चर्चच्याच अधिकाऱ्यांनी या प्रार्थनांची आखणी बंडखोर गटांच्या हातून काढून घेतली. सरकारचा दबाव होता, आणि उपासनेचा राजकीय फड होईल ही चिंताही. गट संतापले, आणि पुढच्या वसंतात त्यांना पुन्हा वाव द्यावा लागला. ही कुरबुर मला महत्त्वाची वाटते, कारण प्रार्थना कुणाची, हा प्रश्न तिथे मिटलेला नव्हता, रोजचाच होता.

9 ऑक्टोबर 1989 हा कसोटीचा दिवस. चीनमध्ये तिआनानमेन चौकात निदर्शकांवर झालेल्या लष्करी कारवाईचं रक्त अजून सुकलेलं नव्हतं आणि पूर्व जर्मनीच्या संसदेनं त्या कारवाईची पाठराखण केली होती. गरज पडल्यास हातात शस्त्र घेऊ, अशी धमकी स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली होती. दुपारपासूनच सत्ताधारी पक्षाचे शेकडो सदस्य निकोलस चर्चच्या बाकांवर आणून बसवले गेले. पाद्री ख्रिस्तियान फ्यूरर यांनी त्यांना हुसकावलं नाही. दारावर ‘सर्वांसाठी खुलं’ अशी पाटी होती, ती त्यांनाही लागू झाली. त्या संध्याकाळी शहरातल्या चार चर्चमध्ये प्रार्थना झाली. वाद्यवृंद संचालक कुर्ट मासूर आणि इतर पाच जणांचं संयमाचं आवाहनही वाचून दाखवलं गेलं. मग सुमारे 70,000 लोक रस्त्यावर उतरले आणि गोळी झाडली गेली नाही. मेणबत्ती विझू नये म्हणून एक हात आडवा धरावा लागतो, मग दगड कुठल्या हातात घेणार, असं फ्यूरर पुढे सांगत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सोव्हिएत संघात सुधारणावादी गोर्बाचेव्ह होते, हंगेरीनं सीमा उघडली होती, तिजोरी रिकामी होती, बर्लिनहून स्पष्ट आदेश आला नव्हता. यात प्रार्थनेनं काय केलं? राजवट का खचली, याचं उत्तर या कारणांत आहेच. जमाव का बिथरला नाही, याचं नाही. पाचच दिवस आधी ड्रेस्डेनच्या रेल्वे स्टेशनवर याच देशातल्या, याच रागानं भरलेल्या लोकांनी दगड फेकले होते, पोलिसांची गाडी पेटवली होती. लाइपझिगमध्ये बंदूकधारी पुढे असताना ‘हिंसा नको’ ही घोषणा टिकली, त्यामागे सात वर्षांची सोमवारची सवय होती, असं मानायला जागा आहे. एकट्या सवयीनं हे झालं, असा दावा मात्र मी करणार नाही.

बर्लिनची भिंत पडल्यावर प्रार्थनेची गर्दी ओसरली. हा प्रार्थनेचा पराभव, असं काहींना वाटतं. पण जर्मनीच्या एकीकरणानंतर लाइपझिगचे कारखाने बंद पडले, तेव्हा त्याच चर्चनं बेकारांसाठी काम उभं केलं; 2006मध्ये शहरातल्या दोन अभियंत्यांना इराकमध्ये ओलीस धरलं गेलं, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी लोक तिथेच जमले. दोघंही जिवंत परतले. सोमवारची पाचची वेळ बदललेली नाही.