एक पार्टिशन, दोन मालक

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा सांभाळून घ्या.

सबमिशनची आदली रात्र. माझा रूममेट लिनक्समध्ये बसलेला आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये. रीस्टार्ट केलं तर चालू सिम्युलेशन बंद पडणार. व्हर्च्युअल मशीनमध्ये नवीन विंडोज टाकावं तर डिस्कवर जागा नाही. पण शेजारच्या पार्टिशनवर विंडोज होतंच की! तेच व्हर्च्युअल मशीनमध्ये का चालवू नये?

चालवता येतं. एरवी व्हर्च्युअल मशीनची हार्ड डिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक मोठी फाईल. पण व्हर्च्युअलबॉक्समध्ये कमांड देऊन एक छोटी व्हीएमडीके फाईल बनवता येते. खरी डिस्क कुठे आहे आणि तिचं कुठलं पार्टिशन वापरायचं, एवढंच तिच्यात असतं. गंमत म्हणजे आतल्या सिस्टिमला सगळी पार्टिशन्स दिसतात, पण परवानगी नसलेलं वाचायला गेलं की नुसती शून्यं मिळतात आणि तिथे लिहिलेलं गुपचूप सोडून दिलं जातं. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्येही अशी सोय आहे.

मग धोका कुठे? आपली खोपोली लाईन आठवा. पळसदरीच्या पुढे एकच ट्रॅक, समोरून गाडी येत असताना दुसरी सोडत नाहीत. एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ पार्टिशनचंही तसंच. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःला एकटी मालक समजते आणि कुठली जागा रिकामी आहे याचा हिशोब आपल्या रॅममध्ये ठेवते. लिनक्सने एका जागी लिहिलं तरी विंडोजच्या हिशोबात ती जागा रिकामीच. मग तोही तिथेच लिहितो. आणि त्या क्षणी एररसुद्धा येत नाही!

आमचं तेच झालं. ते पार्टिशन लिनक्समध्ये माऊंट होतं, त्यावर एक पिक्चर डाऊनलोड होत होता. सकाळी ड्रॉइंग उघडेना. सबमिशन हुकलं. चूक सर्वस्वी आमचीच.

तरी माझं मत, ही सोय असावीच. फक्त पार्टिशन बाहेर माऊंट असेल तर सॉफ्टवेअरने सरळ नकार द्यावा. क्यूईएमयूमध्ये स्नॅपशॉटचा पर्याय दिला की सगळे बदल तात्पुरत्या फाईलमध्ये जातात, मूळ डिस्कला हात लागत नाही. हे सगळीकडे डीफॉल्ट का नसावं? व्हर्च्युअलबॉक्सचं मॅन्युअल म्हणतं की हे फक्त एक्सपर्ट लोकांसाठी आहे, सगळा डेटा जाऊ शकतो. पण रात्री दोन वाजता हॉस्टेलवर सगळेच एक्सपर्ट असतात!

करायचंच असेल तर आधी पार्टिशन अनमाऊंट करा. विंडोज हायबरनेट करू नका, फास्ट स्टार्टअप बंद करून पूर्ण शटडाऊन करा. आणि ड्रॉइंग अगोदर पेनड्राईव्हवर घ्या.